मागचं डावं चाक

गाडीची चाकं घरी रंगवायची म्हटलं की निम्म्याहून जास्त काम रंगाचं नसतंच, घासायचं असतं. हे मी लेकीला फोनवर तीनदा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा "हो गं आई" म्हटलं आणि रविवारी दुपारी येते म्हणून फोन ठेवून दिला. म्हणजे घासायला आम्हीच. मी एकोणपन्नास वर्षांची, खाली बसले की उठताना आधार शोधणारी, आणि माझे बाबा एक्याऐंशीचे.

लेकीला दुसऱ्या गावात नोकरी लागलीय, सोमवारी सकाळी रुजू व्हायचंय. नवी गाडी बघू या म्हटलं तर बाईसाहेबांचं एकच पालुपद, मला आजोबांची बुटकीच हवी. बुटकी म्हणजे आमची जुनी गाडी. मी सहा वर्षांची असताना ती घरात आली, तीही कुणाच्या तरी हातून वापरून झालेली. लांबीला आखूड, उंचीला बसकी. दादानं पहिल्याच दिवशी तिला बुटकी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आता दादाचे केस पांढरे झाले, पण तो फोनवर आधी आईची तब्येत विचारतो आणि मग बुटकीची.

"द्यायची तर नीट करून द्यायची," बाबा म्हणाले. "इंजिनाला काही होत नाही. पण चाकांकडे बघवत नाही."

म्हणून मी शाळेत तीन दिवसांची रजा टाकली आणि माहेरी आले. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. प्रयोग चुकला तर चुकला म्हणून लिहा, आकडे फिरवू नका, असं मुलांना दरवर्षी बजावते. हे मी का सांगतेय, ते पुढे कळेलच.

गुरुवारी सकाळी गॅरेजवाला आला, बुटकीला लाकडी ठोकळ्यांवर चढवून चारही चाकं काढून गेला. चाकाचे नट सोडायला किंवा आवळायला बाहेरचा माणूस बोलवायचा, ही आमच्या घरची रीत. बाबा आयुष्यभर पंपाच्या कारखान्यात होते, फिटरचे पुढे फोरमन झाले. रेडिओपासून शिवणयंत्रापर्यंत घरातली एकही वस्तू त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. पण चाकाच्या नटाला ते हात लावत नाहीत. ही रीत का पडली ते घरात सगळ्यांना माहीत आहे. खरं कारण मात्र माझ्या एकटीच्या पोटात होतं, आणि ते मी अडतीस वर्षं तिथेच दाबून ठेवलं होतं. या तीन दिवसांत बाबांना सांगून टाकायचं, असं मी येताना ठरवलं होतं. असं मी याआधीही बऱ्याच वेळा ठरवलेलं आहे.

चाकं अंगणातल्या भिंतीला ओळीनं टेकवली. बाबा बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांचा आवाजच बदलला. घरात ते हल्ली हळू बोलतात, आई दोनदा "काय?" म्हणते. अंगणात त्यांचा फोरमनचा आवाज परत आला.

"आधी साबणाचं पाणी. मग थिनर. चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. मागची बाजू आधी."

"माहितीये, बाबा."

"माहितीये म्हणणारेच पुढच्या बाजूनं सुरू करतात."

मागची बाजू आधी. हे ऐकलं आणि मी अकरा वर्षांची झाले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. थिनरमुळे आलं म्हणून वेळ मारून नेली.

लहानपणी दरवर्षी मोठी सुट्टी लागली की आम्ही मामाकडे जायचो, आणि जायच्या आधीच्या आठवड्यात चाकांचा कार्यक्रम असायचा. चार चाकं आणि घरात माणसं चार. पुढचं उजवं बाबांचं, पुढचं डावं आईचं, मागचं उजवं दादाचं आणि मागचं डावं माझं. ज्याचं चाक सगळ्यात चांगलं होईल, त्यानं जाताना पुढच्या सीटवर बसायचं. आईचं चाक चांगलं झालं तरी ती मागेच बसायची, पण स्पर्धेत तिला उतरायला लागायचं. ती नाक मुरडत यायची आणि मग सगळ्यांत बारीक घासायची तीच. टायरला रंग लागू नये म्हणून रिमच्या कडेला जुने पत्ते खोचायचे, एकावर एक, गोल. बावन्न पत्ते एका चाकाला पुरायचे नाहीत, म्हणून बाबा कारखान्यातल्या दोस्तांकडून त्यांचे फाटके जोड मागून आणायचे. एका वर्षी माझ्या चाकाला सात राजे आले होते, त्यावर मी दोन दिवस भाव खाल्ला होता.

तेव्हा आतासारखे फवाऱ्याचे डबे नव्हते. रंगाचा डबा, ब्रश आणि हात. अंगणभर रंगाचा वास, आईच्या केसांत चंदेरी ठिपके, दादाच्या नाकावर चंदेरी रेघ. बाबा कारखान्यातून आले की कपडे न बदलताच खाली बसायचे आणि प्रत्येक चाक उलटं करून तपासायचे. पुढून कितीही चकचकीत असू दे, ते बघायचेच नाहीत. कारखान्यातसुद्धा पंपाच्या बुडाखाली आरसा सरकवून ते पोरांचं काम तपासायचे म्हणे. "दिसतं तिथं कुणीही रंगवतो," म्हणायचे. "गंज लागतो तो न दिसणाऱ्या जागी." मला ते फार पटलं होतं. दादाला काहीच पटायचं नाही, मला बाबांचं सगळं पटायचं. मी त्यांची चमची होते, हे दादा अजून ऐकवतो.

त्यांचा एकच अपवाद होता. नट जिथे बसतो त्या भोकाच्या कडेला, म्हणजे नटाच्या बैठकीला, आणि चाकाच्या मागे जिथे ते गाडीला टेकतं त्या सपाट जागेला रंग लावायचा नाही. तिथे लोखंडाला लोखंडच लागलं पाहिजे. भोकांत आम्ही कागदाचे बोळे कोंबायचो आणि मागच्या जागेवर गोल कापलेला कागद चिकटवायचो. का, ते बाबांनी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. सांगितलं असेल आणि मी सात राजे मोजत असेन.

त्या वर्षी, मी अकराची असताना, माझं चाक पहिलं आलं. बाबांनी ते उलटसुलट केलं आणि "ठमाबाई, उद्या पुढे बसा" म्हणाले. ते बोळे आणि कागद काढून आत गेले. मी चाकाजवळच बसून राहिले. पहिल्या नंबरचं माझं चाक मला सोडवेना. आणि तेव्हा मला दिसलं की चारही भोकांच्या कडेला उघडं लोखंड आहे आणि त्यावर तांबूस गंजाची कडी धरली आहे. मागच्या सपाट जागेवरही तसंच. मला वाटलं, बाबांच्या नजरेतून ही जागा सुटली. न दिसणारी जागा, आणि बाबांच्याच नजरेतून सुटली! त्यांना कुणासमोर कमीपणा नको म्हणून मी गुपचूप डब्यातला उरलेला घट्ट रंग तिथे लावला. एक हात, मग दुसरा, मग तिसरा. बाबांची चूक मी सावरली, असं वाटून मला इतका आनंद झाला होता की मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाबांनी चाकं चढवली. माझं चाक शेवटचं. ते आवळत असताना शेजारच्या काकांनी कुंपणावरून हाक मारली, दोन मिनिटं बोलणं झालं, मग आईनं घाई केली. आणि आम्ही निघालो. मी पुढे, बाबांच्या शेजारी.

तासाभरानं गाडीच्या मागून खडखड यायला लागली. बाबा म्हणाले, थांबून बघू. थांबायला जागा शोधेपर्यंत चाक निघालं. मी आरशात बघितलं, आमचंच चाक आमच्या मागून पळत येत होतं, मग ते शेतात शिरलं. बुटकी गरगरली आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली. दादाला खरचटलं, मला आणि बाबांना काही झालं नाही. आईचं डावं मनगट मोडलं. ते नीट बसलं नाही. आजही तिला त्या हातानं पाण्याचा तांब्या उचलता येत नाही.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. बाबा आईजवळ होते, लोक जमले होते, आणि चाक शोधायला मी शेतात गेले. ते आडवं पडलेलं होतं. चार भोकांच्या कडेला माझा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून बाहेर सरकला होता. नटांनी तो चिरडला होता, आणि तो दबला तसे नट सैल झाले होते. अकरा वर्षांच्या मुलीला हे सगळं शब्दांत कळलं नाही, पण हे माझ्यामुळे झालं, एवढं कळलं. मला कळलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही, कारण मी एक टोकदार दगड उचलला आणि तो सगळा रंग खरवडून काढला. भोकांचा आणि मागचाही. मग "चाक सापडलं" म्हणून हाक मारली.

बाबांनी चाक तपासलं. बैठक स्वच्छ होती. मग उरलं एकच कारण, नट आवळायचे राहिले. शेजाऱ्याशी बोलताना ते विसरले. फिटर माणूस, स्वतःच्या बायकापोरांच्या गाडीचे नट आवळायला विसरला!

मामानं बोलून घेतलं, शेजाऱ्यांनी हळहळून घेतलं. कारखान्यात त्यांना "ढिले फोरमन" म्हणायला लागले, आधी थट्टेनं, मग सवयीनं. सहा महिन्यांत बाबांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन जोडणी विभागातून बदली मागून घेतली आणि ते भांडारात बसायला लागले. ज्यांना त्यांनी काम शिकवलं, ती पोरं खिडकीशी यायची आणि बाबा त्यांना पाने-पकडी काढून द्यायचे. निवृत्त होईपर्यंत, पंधरा वर्षं. आई त्यांच्यावर रागावत नसे, पण बाबा काही विसरले, चश्मा, किल्ली, दिवा बंद करणं, की ती म्हणायची, "तुमचं काय, तुम्ही तर..." आणि वाक्य तिथेच सोडायची. ते अर्धं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. आणि दर वेळी मी ताटातलं पुढे खायला लागायचे. सुट्टीतला चाकांचा कार्यक्रमही त्यानंतर बंद झाला. मला त्या दिवसांची जितकी आठवण येते तितकीच लाज वाटते. दोन्ही एकाच डब्यातून निघतात, त्याला मी काय करू?

तर गुरुवारी घासलं, शुक्रवारी प्रायमर मारला, शनिवारी सकाळी चंदेरी रंगाचे तीन पातळ हात दिले. पातळच. जाड मारला की ओघळतो, हे बाबा मला आठ वेळा म्हणाले. आई पायरीवर खुर्ची टाकून लेकीसाठी उशीचा अभ्रा शिवत बसली होती आणि मधून मधून आमची हजेरी घेत होती. "अहो, टोपी घाला. ऊन बघा." "अगं, त्यांना पाणी दे, मागणार नाहीत ते." अडतीस वर्षांनी पहिल्यांदा ती या कार्यक्रमात येऊन बसली होती. बाबांनी तिला "तुझं पुढचं डावं बघ" म्हणून चाक दाखवलं, तर तिनं चष्मा पुसून नीट बघितलं. "कडेला राहिलंय," म्हणाली. खरंच राहिलं होतं.

इतकं छान चाललं होतं की मी सांगायचं पुढे ढकलत राहिले. गुरुवारी वाटलं, आज नको, आज खुशीत आहेत. शुक्रवारी तेच. माणूस स्वतःला कारणं द्यायला लागला की कमी पडत नाहीत.

शनिवारी दुपारी गॅरेजवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे कुणीतरी आजारी होतं, तो सोमवारी संध्याकाळपर्यंत येऊ शकत नव्हता.

"मग पोरीला थांबायला सांग," बाबा म्हणाले.

"बाबा, सोमवारी सकाळी तिला हजर व्हायचंय."

"मग बसनं जाऊ दे. गाडी मागाहून."

"चाकं तुम्ही बसवा ना. चार नट एका चाकाला. तुम्हाला काय कठीण आहे?"

बाबांनी रंगाची चिंधी दुमडली, परत उलगडली. "नको," म्हणाले. "माझ्या हातच्या चाकावर पुन्हा कुणाला बसवायचं नाही. त्यातून ती तर एकटी जाणार. माझा भरवसा नाही गं."

फोरमनचा आवाज गेला होता. परत तो घरातला हळू आवाज. मला सहनच झालं नाही. तीन दिवस मी जे वाक्य मनात घोळवत होते, चांगलं, हळुवार, ते कुठल्या कुठे गेलं.

"तुम्ही नट आवळले होते," मी ओरडलेच. "तेव्हाही आवळले होते! मी रंग लावला होता. बैठकीला. तुम्ही बघून गेल्यावर."

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"आणि नंतर शेतात मीच तो खरवडला."

त्यांनी हातातली चिंधी खाली ठेवली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही की काय. मग त्यांनी विचारलं, अगदी कामाच्या सुरात, "किती हात?"

"तीन."

"जाड?"

"डबा संपवला."

"मागच्या टेकायच्या जागेलाही?"

"हो."

"एका रात्रीत वाळला नसणार. आतून ओला असणार." त्यांनी हवेत अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबून बघितलं, जणू मधे तो रंग होता. "म्हणजे मी आवळला तो रंगावर आवळला. गाडी तापली, रंग दबला, नट सुटले." मग त्यांचा चेहरा एकदम पडला. "पण मग बसवताना मी बैठकीवरून बोट फिरवायला हवं होतं. नेहमी फिरवायचो. त्या दिवशी नाही फिरवलं. म्हणजे चूक तरी माझी..."

"बाबा, पुरे!" मला इतका राग आला, त्यांचा की माझा, देव जाणे. "चूक माझी होती. अकरा वर्षांची होते ते सोडा. वीस वर्षांची होते, तीस वर्षांची होते, तेव्हाही मी गप्प बसले. तुम्ही भांडारात बसलात आणि मी गप्प बसले. मला भीती वाटत होती तुम्ही माझ्यावर रागवाल म्हणून."

"रागावलोच असतो," बाबा म्हणाले. मग हळूच, "आत्ताही रागावलोय."

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी असं काहीतरी ठरवून आले होते की सांगितलं की ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. तसं काही झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं.

"आईला सांग," ते म्हणाले.

"मी?"

"मग काय मी सांगू?"

आई दहा पावलांवर होती. आमचा आवाज चढलेला तिनं ऐकला होता, शब्द नीट ऐकले नव्हते. मी तिच्यापुढे पायरीवर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगून झालं तेव्हा तिचं डावं मनगट तिनं उजव्या हातानं धरलेलं होतं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती बाबांकडे बघत होती.

"तुम्ही तेव्हा म्हणाला होतात," ती म्हणाली. "रस्त्यात. मला उचलताना. मी आवळले होते गं, असं म्हणालात. दोनदा म्हणालात. आणि मी म्हटलं, मग चाकाला काय पाय फुटले का?"

"दुखत होतं तुला," बाबा म्हणाले.

"नंतर तुम्ही म्हणेनासेच झालात."

"नंतर मलाच खात्री वाटेना."

आई रडली. मी तिला असं रडताना फार वेळा बघितलेलं नाही. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "तुला मारावं का काय करावं, मला कळत नाहीये."

"ते तुम्ही दोघी नंतर ठरवा," बाबा स्टुलावरून उठत म्हणाले. "ऊन आहे तोवर चाकं बसवायची आहेत."

त्यांनी पाना कुठे आहे ते कुणाला विचारलं नाही. अडगळीच्या खोलीत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला व्हील-पाना घेऊन आले. त्याला तेल लावलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं ते त्याला तेल लावत होते.

प्रत्येक भोकाच्या बैठकीवरून त्यांनी बोट फिरवलं, मागच्या सपाट जागेवरून तळवा फिरवला. एका जागी फवाऱ्यातून उडालेला रंग बसला होता, तो मला पॉलिश पेपरनं काढायला लावला. मी चाक उचलून धरायची, ते बोल्टवर बसवायचे आणि नट बोटांनी फिरवत न्यायचे. सोळाही नट त्यांनी स्वतःच्या बोटांनी चढवले, आणि एकही आट्यांवर तिरका चढला नाही. आई खुर्ची पुढे ओढून बसली होती. जॅक लावून गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवली, चाकांनी जमीन धरली, आणि बाबांनी पहिल्या नटाला पाना लावला.

नट थोडा फिरला, मग थांबला. शेवटचा जो जोर लागतो, तो लागला नाही. त्यांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी ओढून बघितलं. नट जागचा हलला नाही, त्यांचे खांदे तेवढे हलले. त्यांनी पान्यावर पाय देऊन बघितलं, तर तोलच जायला लागला. मी धरलं. ते हातातल्या पान्याकडे बघत उभे राहिले.

गुन्हा कबूल करताना वाटलं नव्हतं इतकं वाईट मला तेव्हा वाटलं. मी त्यांचं जे परत करायला निघाले होते, ते घ्यायला त्यांच्या हातांत बळच उरलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर त्यांनी हे नट एका झटक्यात आवळले असते. ही वीस वर्षं मी खाल्ली होती.

"ठमे," बाबा म्हणाले, "पान्याला लाग. मी सांगतो."

ते चाकाशी उकिडवे बसले, एक हात रिमवर आणि कान नटाजवळ. मी पान्यावर सगळा भार टाकला.

"अजून."

"बाबा, हलत नाही आता."

"हलतोय. अजून. हं, बस. आता समोरचा. शेजारचा नाही, समोरचा."

सोळा नट. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक तपासून. मागच्या डाव्या चाकाशी आलो तेव्हा माझ्या तळव्यांना फोड आले होते आणि बाबांचा फोरमनचा आवाज परत आला होता. त्या चाकाचा प्रत्येक नट त्यांनी मला तीनदा आवळायला लावला. मी हूं की चूं केलं नाही.

रविवारी दुपारी लेक आली. गाडीला दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चाकात स्वतःचं तोंड बघितलं आणि आनंदानं ओरडली. बाबांनी तिला जवळ बोलावून बजावलं, पन्नास किलोमीटर गेलीस की थांबायचं, नट पुन्हा बघायचे, पाना डिकीत ठेवलाय. तिनं मान डोलावली.

"चाकं छान बसलीत," ती म्हणाली. "गॅरेजवाला आला होता ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी बसवली."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं, मग शंकेनं माझ्याकडे. एक्याऐंशी वर्षांचे आजोबा, त्यांच्या हातांत किती बळ उरलंय ते तिलाही दिसत होतंच. मी काही बोलणार, तेवढ्यात पायरीवरून आई बोलली.

"काय बघतेस तिच्याकडे? सोळाच्या सोळा नट ह्यांनीच आवळलेत. मी इथे बसून बघत होते."

मी फोड आलेले दोन्ही हात पाठीमागे घेतले.